पंख्याचा वैरी

"पंखा बंद करा! आधी पंखा, मग पूजा!"

मे महिना, आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत सत्यनारायण, भटजींसकट सगळे घामाने निथळतायत, आणि दारात उभा राहून शेजारचा दत्ताराम पेडणेकर ओरडतोय. "वाऱ्याने समई विझेल रे." समई अजून लावायची होती. पण माझ्या बायकोने निमूटपणे बटण बंद केलं. पेडणेकरच्या डोक्यावर टोप आहे हे देवनारच्या घारींनासुद्धा ठाऊक होतं. पेडणेकरचा मात्र समज, की हे गुपित फक्त मलाच माहीत आहे, तेही त्याने शपथ घालून सांगितलं म्हणून.

"नॅचरल दिसलं पाहिजे, यार," हा त्याचा मंत्र. वारा खाडीकडून सुटला की हा स्टेशनपर्यंत उलटा चालायचा. एकदा तसाच चालत भांडुपला पोचला, असं मी शपथेवर सांगतो. दर महिन्याला सलूनमध्ये जाऊन बसायचा. न्हावी गळ्याला कापड बांधून हवेत कात्री चालवायचा आणि शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस याच्या कॉलरवर भुरभुरायचा. एकदा घाईत मेंदीचे लाल केस पडले, तरी हा "फार बारीक कापतो मेला" म्हणत मान झटकत घरी आला.

पण कळस म्हणजे कोंडा. रोज सकाळी खांद्यावर चिमूटभर पावडर. "ज्याला कोंडा आहे, त्याच्या केसांवर कोण संशय घेणार?" सोसायटीतल्या बायका त्याला लिंबू लावायला सांगायच्या. त्याच्या कोंड्याला गुलाबाचा वास यायचा.

पंचेचाळिशीचा ब्रह्मचारी, घरात फक्त म्हातारी आई. हा लग्नासाठीच नटतो, असं आमचं सर्वांचं ठरलेलं.

आई, म्हणजे माई, मूळची मालवणकडची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संध्याकाळी दत्ताराम कामावरून आला की त्याला समोर बसवून डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बापाशीचे केस." बाप गिरणीत होता, ऐन तारुण्यात गेला. घरात त्याचा साधा फोटोही नव्हता.

माईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेडणेकर माझ्याकडे आला आणि चक्क चालू पंख्याखाली बसला. मीच घाबरून पंखा बंद केला.

"टायफॉइडात माझे केस गेले, तेव्हा तिला दिसत नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, हाताला तरी सापडू देत. आता चष्मा लागला की वाट लागली ना."

त्याने टोपात कानशिलाजवळ चार पांढरे केस ओवून घेतले. नॅचरल.

चष्मा आला त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होतो. जाड भिंगांतून माईने लेकाकडे बराच वेळ पाहिलं. मग नेहमीसारखा हात फिरवला. "बापाशीचे केस," म्हणाली.

पेडणेकर पेढे आणायला निघाला. जिना उतरताना शीळ घालत होता. तो जाताच मी आधी त्यांचा पंखा लावला, वर्षानुवर्षांची धूळ अंगावर घेतली आणि माईला विचारलं, "माई, नीट दिसले ना केस?"

"टोप आसा तो," माई म्हणाली. "माजे डोळे गेल्ले, हात नाय. आता पंखो बंद कर. दत्तू येतलो."