पावणेतीन किलोचं हलकं चाक

१ किलो, आणि वर किती ते देव जाणे

दानेश्वरीने कणकेची परात ओढली तेव्हा परातीत सायकलचं चाक होतं.

चाक पुढचं होतं, टायर-ट्यूबसकट होतं, आणि परातीखाली तिचा स्वयंपाकघरातला छोटा काटा होता. काट्याची सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन थरथरत उभी होती.

"हे काय वो?"

"वजन करतोय," तिचा नवरा गुरुसिद्ध म्हणाला.

"कणीक कशात मळू?"

"दोन मिनिटं थांब की. काटा एक किलो म्हणतोय."

"काटा एक किलोचाच हाय. मी वर बसले तरी एक किलोच म्हणंल."

गुरुसिद्धने मान डोलावली आणि चाक उतरवलं. परातीत टायरची नक्षी उमटली होती. ती त्याने शर्टाच्या बाहीने पुसली आणि आपण काही मदत केली असं समजून बाहेर आला.

तो एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत असे. वय चव्वेचाळीस. रविवारी सकाळी सायकल मंडळाबरोबर पन्हाळ्याला जायचा आणि सगळ्यांच्या शेवटी पोचायचा. दोन वर्षं त्याने याचा दोष चाकांना दिला होता. जुनी काळी सायकल, लोखंडी रिम, जाड टायर. "चाकावरचा एक किलो म्हंजे अंगावरचे चार किलो," असं तो सांगत असे. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. किंवा स्वतःच इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता वाचल्यासारखं वाटत होतं.

मंडळ दर डिसेंबरात कोल्हापूर ते बेळगाव जायचं. चार सायकली आणि मागे एक जीप. जीपमध्ये पाणी, पंक्चरचं सामान आणि केळी. दोन वर्षं ती जीप गुरुसिद्धने चालवली होती. चौघे पुढे घामाने चमकत जायचे आणि हा मागून पहिल्या गिअरमध्ये केळ्यांच्या वासात.

यंदा मात्र त्याने जुनी सायकल देऊन रेसिंगची घेतली, आणि दानेश्वरीचा भाऊ बसवेश जर्मनीहून येताना त्या सायकलसाठी दोन चाकं घेऊन आला. ॲल्युमिनियमची रिम, मोजक्या तारा, बोटाएवढा टायर. ती घेऊन गुरुसिद्ध मल्लेशकडे गेला. मल्लेशचं महाद्वार रोडला कापडाचं दुकान, आणि चौघे कोण ते तो ठरवायचा.

"गेल्या वर्षीची माझी वेळ धरू नको मल्लेश. ती जुन्या चाकाची हाय."

"आणि नवं हलकं हाय हे कशावरनं?"

"हातात घेऊन बघ की."

"हाताला काय कळतंय मर्दा. काट्यावर दाव. जुन्यापेक्षा किलोभर कमी भरलं तर तू टीममदी. न्हायतर केळी."

१ किलो ५००

स्वतःची जुनी सायकल देऊन टाकलेली, त्यामुळे जुनं चाक शेजारच्या आण्णांचं, तसल्याच सायकलचं. आण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आणि त्यांची काळी सायकल त्यांच्याही आधी निवृत्त व्हायला हवी होती. रविवारी सकाळी गुरुसिद्धने तिचं पुढचं चाक सोडवलं. आण्णा दुधाची किटली घेऊन उभे राहिले.

"म्या दूध आणाय कसं जायाचं?"

"अर्ध्या तासात आणतो, आण्णा."

"मग मी बी येतो. माझं चाक हाय."

अशा रीतीने दोन चाकं, तीन माणसं आणि एक किटली झुंबरबाईच्या किराणा दुकानासमोर आली. तिसरा मल्लेश. तो साक्षीला होता. झुंबरबाईने जर्मन चाक पारड्यावर आडवं ठेवलं, वजनं चढवली, एक काढलं, शेवटी पारड्याला बोट लावून ते थांबवलं.

"दीड किलो."

"बोट काढा की मावशी," गुरुसिद्ध म्हणाला.

"बोट काढलं तर हलतंय ते."

मग आण्णांचं चाक पुढे आलं. त्यातून गंज, वंगण आणि रंकाळ्याकाठची थोडी माती खाली पडली.

"ह्या पारड्यात मी डाळ मोजती," झुंबरबाई म्हणाली. "ते भंगारवाल्याकडं न्या जावा."

२ किलो २००

भंगारवाल्याने आण्णांचं चाक हुकाला अडकवलं, एक डोळा मिटून बघितलं आणि सोडवून मागच्या ढिगावर टाकलं.

"दोन किलो दोनशे."

"ते परत द्या," आण्णा म्हणाले.

"आता वजन झालं की."

"निस्तं वजन कराय आणलंय."

"निस्तं वजन कराय कोण भंगारात येतंय?"

चाक परत मिळायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात मल्लेशने हिशोब केला. "सातशे ग्रॅम फरक. किलो न्हाय. केळी."

"थांब," गुरुसिद्ध म्हणाला. "झुंबरबाई विकती. तिचा काटा जास्त दावणार. हा भंगारवाला घेतो. ह्याचा कमी दावणार. माझं चाक जास्तवाल्या काट्यावर, जुनं कमीवाल्यावर. दोन्ही बाजूनं मीच बुडालो."

मल्लेश कापडवाला होता. मीटरपट्टी कुठे धरली की कापड लांब दिसतं हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याला हे पटलं.

"मग नवं बी इथंच लाव हुकाला."

गुरुसिद्धने भंगाराच्या ढिगाकडे पाहिलं, भंगारवाल्याच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं, आणि जर्मन चाक छातीशी धरलं.

"न्हाय. इथं न्हाय."

"मग खरा काटा हाय कुटं ह्या गावात?"

"तालमीत," आण्णा म्हणाले. "तिथं कुस्तीआधी वजनाला दोन्ही बाजू वरडाय बसलेल्या असत्यात. खोटं चालतच न्हाय."

९४ किलो

तालमीतला काटा लोखंडी होता. खाली फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. वस्तादांनी जुनं चाक फळीवर ठेवलं. दांडी ढिम्म.

"तीस किलोच्या खाली ही बोलत न्हाय," वस्ताद म्हणाले. "तीस किलोचा पैलवान कुणी बघितलाय? असं करा. एकानं चाक घिऊन उभं ऱ्हावा. आधी माणूस, मग चाकासकट. वजाबाकी करा."

सगळे गुरुसिद्धकडे बघू लागले. चाक त्याचं, प्रश्न त्याचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला साखर बंद केली होती आणि वजन उतरवायला सांगितलं होतं. त्यानंतर दानेश्वरीने विचारलं की तो "चौऱ्याऐंशी" असं उत्तर द्यायचा. तो आकडा त्याने एका रविवारी पन्हाळ्याच्या चढावर ठरवला होता, कुठल्याही काट्याची मदत न घेता.

"पावणं, कापडं काढा," वस्ताद म्हणाले.

"शर्टाचं वजन किती असतंय वस्ताद?"

"इथं कापडासकट वजन होत न्हाय."

गुरुसिद्ध अर्ध्या चड्डीवर फळीवर चढला. तांबड्या मातीच्या हौद्यात जोर मारणारी आठ-दहा पोरं थांबली. वस्तादांनी वजन सरकवलं. थोडं सरकवलं. आणखी सरकवलं. मग रीतीप्रमाणे, मैदानाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"चौऱ्याण्णव!"

आणि खडूने फळ्यावर लिहिलं. गुरुसिद्ध, ९४. वरच्या ओळीत एका पैलवानाचं नाव होतं. त्याचं वजन एक्क्याण्णव होतं.

"खुल्या गटात बसतंय की," आण्णा म्हणाले.

९६ किलो ६००

हे जुन्या चाकासकट. म्हणजे आण्णांचं चाक दोन किलो सहाशे.

गुरुसिद्धच्या जिवात जीव आला. आता नवं एक किलो सहाशेच्या आत भरलं की झालं, आणि ते भरणारच होतं. तो चाक घ्यायला वाकला, तेवढ्यात एक पैलवान तांब्या घेऊन आला. थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप आणि साखर. दूध तांब्यात की तांब्या दुधात असा प्रश्न पडावा इतकी काठोकाठ.

"आधी वजन करू," गुरुसिद्ध म्हणाला.

"पावण्याला तालमीत उपाशी ठेवून वजन करतोय व्हय आमी? घ्या."

त्याने घेतली. तीन महिन्यांनी जिभेला साखर लागली होती. दुसरा तांब्या आला तेव्हा त्याने नको म्हटलं खरं, पण हात आधीच पुढे गेला होता. मल्लेशने अर्धा पेला घेतला. आण्णांनी किटली पुढे केली.

९६ किलो ७५०

वस्तादांनी दोनदा बघितलं. मल्लेशने तीनदा. फळीवर गुरुसिद्ध हातात जर्मन चाक धरून उभा होता, आणि पोटात काहीतरी मंद हिंदकळत होतं.

"पावणेतीन किलो," मल्लेश म्हणाला. "जुन्यापेक्षा दीडशे ग्रॅम जड. मावशीच्या दीड किलोत तिचं बोट हुतं."

"असं कसं हुईल? मला परत एकट्याला मोजा."

वस्तादांची भुवई वर गेली. "ह्या काट्यावर माणूस एकदा मोजला की मोजला. परत मोज म्हंजे काय? वस्ताद खोटा?"

आठ-दहा पोरं हौद्यातून एक पाऊल पुढे आली. गुरुसिद्धने शर्ट घातला.

"चकाकतंय म्हणून हलकं वाटतंय बघ," परतताना मल्लेश समजुतीने म्हणाला. "कापडाचं बी तसंच असतंय. केळी चांगली बघून घे यंदा. गेल्या वर्षी दडस हुती, दातानं तुटत नव्हती."

घरी आल्यावर गुरुसिद्ध तासाभरात तीनदा मोरीत जाऊन आला. तिसऱ्या वेळी, कडी काढता काढता, त्याला सगळं समजलं. तो तसाच दारात उभा राहिला. दोन तांबे. जवळजवळ दीड किलो. चाकाचं वजन त्याच्या पोटात होतं.

तो धावत बैठकीत आला, मल्लेशला फोन लावायला रिसीव्हर उचलला, आणि थांबला. काय सांगायचं? 'मल्लेश, चाक हलकं हाय, दीड किलो माझ्या पोटात हुतं'? मग मल्लेश म्हणणार, 'मर्दा, मी दोन वर्षं दुसरं काय सांगतोय?'

स्वयंपाकघरातून दानेश्वरी बघत होती. "कुणाला फोन?"

"कुणाला न्हाय."

"तीनदा मोरीत गेला. काय पिऊन आलाय?"

"पाणी."

"आण्णा आत्ता किटली दाखवत हुते. पाण्यात बदाम हुता म्हणं." तिने परात खाली ठेवली. "आणि चौऱ्याण्णव म्हंजे मला सांगितलेल्या चौऱ्याऐंशीत नेमकं कुटं बसतंय?"

गुरुसिद्धने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला. ते प्रकरण तिथेच मिटलं. म्हणजे त्याच्या बाजूने मिटलं. तिच्या बाजूने रोज सकाळी मेथीचं पाणी सुरू झालं.

वजन केलं नाही

डिसेंबरात चार सायकली बेळगावला निघाल्या आणि मागून जीप. जीपमध्ये पाणी, मेथीच्या पाण्याचा थर्मास, दडस नसलेली केळी आणि ज्यादा सामानात गुरुसिद्धची दोन जर्मन चाकं. ती त्याने का घेतली हे कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

तवंदी घाटाच्या मध्यावर मल्लेशचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि रिम वाकडी झाली. बाकीचे तिघे पुढे निघून गेले होते. मल्लेश वाकडं चाक हातात घेऊन कठड्यावर बसला.

"ज्यादा चाक हाय काय रं कुटलं?"

गुरुसिद्धने जीपचं मागचं दार उघडलं आणि चाक दिलं. मल्लेश ते घ्यायला दोन्ही हात लावून, गुडघे वाकवून तयार झाला होता, पावणेतीन किलोच्या हिशोबाने. चाक त्याच्या हातात एवढं वर उडालं, की तो मागे कठड्यावर जाऊन आदळला.

त्याने चाक एका हातात धरलं. मग दोन बोटांवर. मग बसवलं, सायकलवर चढला आणि दहा-बारा पायंडल मारून थांबला. मागे वळून गुरुसिद्धकडे बघत राहिला.

"गुरू. हे तर काईच न्हाय की रं. निस्ती हवा हाय."

गुरुसिद्ध जीपला टेकून उभा होता. समोर चढ होता, खाली निपाणी दिसत होती, आणि इतके दिवस जे वाक्य ऐकायची वाट बघितली ते आत्ताच ऐकून झालं होतं. आता फक्त दोन तांब्यांची गोष्ट सांगायची, की गोष्ट पुरी.

त्याने पोटावर हात ठेवला. मग तो काढला आणि एक केळं सोललं.

"पावणेतीन किलो हाय," तो म्हणाला. "काट्यावर झालंय."

"आरं पण..."

"तालमीचा काटा हाय, मल्लेश. वस्तादाला खोटं पाडतोस व्हय? चल, चढ. जपून चालव, जड चाक हाय."

मल्लेश घाट चढू लागला. चाक उन्हात चकाकत वर वर गेलं, बघता बघता वळणाआड झालं. ते चौघांत होतं. गुरुसिद्धने केळं संपवलं, जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आपल्या चाकामागून निघाला.