पंधरा पूर्णांक आठ टक्के सोपी

"सही करणार नाही," जीभकाका म्हणाले आणि तोंडातली वाइन त्यांनी शेजारच्या बादलीत थुंकली.

वाइनच्या त्या कारखान्यात बावीस वर्षे ते हेच एक काम करत होते. घोटभर वाइन तोंडात घ्यायची, गालांतून फिरवायची, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि चव-पत्रकावर चार शब्द लिहून खाली सही ठोकायची. त्यांना खरे नाव होते, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. बाकी सगळ्यांसाठी ते 'जीभ', आणि तोंडावर 'जीभकाका'. मालकीणबाईंचा नियम होता की या माणसाच्या सहीशिवाय बाटलीच्या पाठीवर चवीबद्दल एक अक्षर छापायचे नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, आणि आजवर आपल्या सहीखाली खोटा शब्द गेलेला नाही, एवढी एकच मिळकत काकांनी आयुष्यात केली होती.

समोर मालकीणबाईंचे जावई उभे होते. विक्री त्यांच्याकडे होती. हा माणूस कधी खुर्चीत टेकत नसे. उभ्याउभ्या पेनच्या टोपणाची उघडझाप करणे, घड्याळ बघणे आणि दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद उगाच सरळ करणे, याला तो काम म्हणत असे.

"काका, सव्वा वाजलाय. चार वाजता छापखाना लेबलं छापायला घेणार. एक ओळ आहे फक्त. 'मऊ, मनमोकळी, सहज पिता येणारी.' यात वाईट काय आहे?"

"पंधरा पूर्णांक आठ," काका म्हणाले.

"काय?"

"टक्के. अल्कोहोल. ताई, सांगा यांना."

लॅबमधल्या ताई कोपऱ्यात नळ्या धूत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "पंधरा पूर्णांक आठ. दोनदा मोजलंय. तोडणीसाठी क्रेट वेळेवर आले नाहीत, द्राक्षं तीन आठवडे जास्त वेलीवर राहिली. साखर वाढली, साखरेचं अल्कोहोल झालं. क्रेट कोण मागवणार होतं ते मी बोलत नाही."

क्रेट जावईबापू मागवणार होते. त्यांनी घड्याळ बघितले.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. पाण्याच्या बाटलीवर कोणी 'सहज पिता येणारे' असे छापत नाही. जे खरोखर सहज असते त्याला तसे ओरडून सांगावे लागत नाही. जड वाइनवर 'जड' लिहिले तरी घेणारे घेतात, आणि जास्त मानाने घेतात. पण विक्रीवाल्या माणसाला खरे बोलून माल खपतो हे कळले, तर त्याला स्वतःची गरजच उरत नाही. म्हणून तो ते समजून घेत नाही.

"टक्क्यांचा काय संबंध?" जावईबापू म्हणाले. "जीभ भाजते का? नाही. घसा जळतो का? नाही. फळ पिकलेलं, तुरटपणा मऊ. अल्कोहोल आहे, पण दिसत नाही."

"दिसत नाही तेच वाईट. सोपं म्हणजे नुसतं घशाखाली उतरणं नव्हे, जावईबापू. ते उतरल्यावर माणसाला खुर्चीतून उठता आलं पाहिजे."

"ते तुम्हाला काय माहीत? तुम्ही ही वाइन प्यायलात?"

"सात वेळा चाखली."

"चाखली नाही. प्यायलात?"

ताईंनी नळ बंद केला.

"काका, मी विचारतोय, बावीस वर्षांत तुम्ही आपल्याकडची एक तरी वाइन गिळलीय?"

जीभकाकांनी बादलीकडे पाहिले. उत्तर बादलीत होते. बावीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर वाइनींवर 'सहज पिता येते', 'पिण्यास जड', 'पीत राहावी अशी' असे शिक्के मारले होते, आणि प्यायली एकही नव्हती. चाखणाऱ्याने गिळायचे नसते. गिळले तर चौथ्या बाटलीपाशी जीभ आणि भिंत यांतला फरक कळत नाही. धंद्याचा पहिला धडा तो. तो त्यांनी इतका मन लावून पाळला की पिण्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला कधीतरी प्यावे लागते, हे राहूनच गेले.

"बरं," जावईबापूंना सुरी सापडली होती, ती त्यांनी फिरवली. "म्हणजे तुमच्या सहीला काही अर्थ नाही. चारपर्यंत सही झाली तर ठीक. नाही झाली तर उद्यापासून येऊ नका. आईंशी मी बोलतो."

"आणि मी सांगतो," काकांचा आवाज चढला, "माझ्या नावावर 'सोपी' छापलीत, तर मीच उद्यापासून येणार नाही. ताई, मोठा पेला द्या. पितो मी. पण एकटा नाही. जो विकतो त्यानंही प्यायचं."

"मी?" जावईबापूंनी टोपण लावले. "मला ॲसिडिटी आहे."

"म्हणजे तुम्हीपण कधी प्यायला नाहीत?"

जावईबापूंनी टेबलावरचे कागद सरळ केले. ताईंच्या हातून एक नळी निसटता निसटता वाचली. बनवणाऱ्यांचा चाखणारा थुंकत होता, विकणारा लिंबूपाणी पीत होता आणि लोक बाटल्या घरी नेत होते.

ताईंनी दोन पेले टेबलावर ठेवले आणि काठापासून दोन बोटे सोडून भरले. "पद्धतशीर करा," त्या म्हणाल्या. "पेला संपवायचा, मग मत. मी लिहून घेते."

काकांनी पहिला घोट घेतला, सवयीने गालांतून फिरवला, सवयीने बादलीकडे वाकले.

"काका!"

त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि गिळले. जिभेच्या मागे घसाही असतो, घशाच्या खाली छाती असते आणि तिथे कोणीतरी गरम हात ठेवल्यासारखे वाटते, हे त्यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होते.

"काय?" जावईबापूंनी विचारले.

"थांबा. पेला संपला नाही."

पेले संपले. ताईंनी पेन उचलले. "मत?"

"जड आहे," काका म्हणाले.

"सोपी आहे," जावईबापू म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

"एकमत नाही. मग?"

"मग दुसरा पेला," दोघे एकदम म्हणाले. इथेच ताईंनी बाटली कपाटात ठेवायला हवी होती. पण त्यांना हे सगळे शास्त्रीय वाटत होते, आणि शास्त्राच्या नावाखाली माणूस दुसऱ्याची फजिती कितीही वेळ बघू शकतो.

अडीच वाजता छापखानेवाल्याचा फोन आला. "साहेब, ओळ ठेवायची की काढायची? मला प्लेट करायचीय."

"चर्चा सुरू आहे!" जावईबापू ओरडले आणि फोन ठेवला. "काका, तुम्ही मगाशी काय म्हणालात? खुर्चीतून उठण्याचं?"

"उतरल्यावर उठता आलं पाहिजे."

"मी आत्ता उठून बघितलं."

"कधी?"

"तेच तर. उठलो असं मला वाटलं. पण मी बसलेलोच आहे." जावईबापूंचा चेहरा गंभीर झाला. "काका, तुमच्या बोलण्यात दम आहे. ही वाइन सोपी नाही. ही सोपं असल्याचं सोंग करते. आणि असं सोंग मी छापून लोकांच्या घरात पाठवणार? लोकांना लेकरंबाळं आहेत हो!"

"अहो पण जावईबापू," काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "तुमचंही खरंच होतं की. जळत नाही. टोचत नाही. मी आयुष्यभर हिला तोंडातून हाकलत आलो, आणि ही आत जाऊन किती गुणी वागते! हिला जड म्हणणारा माणूस दगड. मी दगड आहे."

"तुम्ही दगड नाही. तुम्ही सज्जन आहात. मी हलकट आहे. क्रेट मीच विसरलो."

"विसरलात म्हणून तर ही एवढी गोड झाली!"

"नाही! धोकादायक झाली!"

"सोपी झाली!"

"काका, माझ्याच ओळीवरून माझ्याशी भांडू नका!"

ताईंनी लिहिणे थांबवले. डाव्या रकान्यातली मते उजव्या रकान्यात गेली होती आणि उजवीकडची डावीकडे. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो दोघांनी एकमेकांकडे सरकवला.

साडेतीनला काका भिंत धरत, पण ताठ मानेने, आपल्या खोलीत गेले. चव-पत्रकावर त्यांनी 'सहज पिता येते' असे लिहिले, खाली दोनदा अधोरेखित केले आणि सही ठोकली. मग छापखान्याला फोन लावला. "मी जीभ बोलतोय. ओळ ठेवा. मोठ्या अक्षरांत छापा."

त्याच वेळी शेजारच्या खोलीतून जावईबापू मोबाइलवरून त्याच छापखान्यात बोलत होते. "ओळ काढा! ताबडतोब काढा! त्याऐवजी छापा, 'सांभाळून'."

छापखानेवाल्याचा एक कान एकीकडे, दुसरा दुसरीकडे. दुपारपासून त्याने दोन माणसे आणि एक मशीन रिकामे बसवून ठेवले होते. त्याने दोन्ही फोन ठेवले आणि तिसरा थेट मालकीणबाईंना लावला. "बाई, तुमच्याकडे आज कोण शुद्धीवर आहे ते आधी कळवा. मग मी मशीन सुरू करतो."

मालकीणबाई वीस मिनिटांत आल्या. दार उघडले तेव्हा त्यांचे जावई टेबलावर मूठ आपटून "अवघड!" म्हणत होते आणि बावीस वर्षांचा विश्वासू माणूस पाणावल्या डोळ्यांनी "सोपी!" म्हणत होता. टेबलावर तीन रिकाम्या बाटल्या होत्या. बादलीत एकच घोट होता.

बाईंनी कोणाला काही विचारले नाही. "ताई, गाडी मागवा. दोघांना घरी सोडा. उद्या दहाला दोघे माझ्यासमोर." मग छापखान्याला फोनवर म्हणाल्या, "उद्या सांगते."

काकांच्या घरी त्यांच्या बायकोने दार उघडले, एक श्वास घेतला आणि विचारले, "आज थुंकायला विसरलात का?"

"मी सही केली गं," काका म्हणाले आणि बूट न काढता पलंगावर आडवे झाले.

सकाळी जाग आली ती या एका वाक्यानेच. मी सही केली. डोके दुखत होते ते वेगळेच, पण त्याहून जास्त हे दुखत होते. बावीस वर्षे खोटा शब्द नाही, आणि एका दुपारी, कोणी हात न पिरगाळता, दोन रेघा मारून! आपणच घातलेली अट त्यांना आठवली. त्यांनी राजीनामा लिहिला, तीन वेळा फाडला, चौथ्यांदा लिहिला, आणि तो खिशात घालून पावणेदहालाच कारखान्याच्या दारात उभे राहिले. जावईबापू त्यांच्याआधी आले होते. काळा चष्मा लावून ते झाडाकडे तोंड करून उभे होते.

"काका, मी काल तुम्हाला कामावरून काढलं का?"

"सही नाही केली तर काढणार होतात. मी केली."

"देवा. आणि मी ओळ काढायला सांगितली?"

"सांगितलीत. मी राजीनामा आणलाय."

"मग तुम्ही का जाताय?"

काकांनी बोटांवर मोजून पाहिले. ते काढत असलेले हिशेब त्यांच्या डोक्यात मावत नव्हते.

दहाला मालकीणबाईंनी दोघांना चाखायच्या खोलीत बोलावले. काकांनी राजीनामा पुढे केला. बाईंनी तो न उघडता ताईंकडे दिला.

"ते नंतर. आधी मला सांगा, वाइन कशी आहे? चव?"

काकांनी डोळे मिटले. गरम हात आठवला. जावयाचा खांदा आठवला. चव आठवेना. बावीस वर्षांतल्या तीनशे वाइनी ते झोपेत सांगू शकले असते. प्यायलेली एकच होती, आणि सात वेळा चाखूनही नेमकी तीच कोरी होती.

"आठवत नाही," ते हळूच म्हणाले.

"मलापण," चष्म्याआडून आवाज आला.

"छान," बाई म्हणाल्या. "ताई, दोन पेले. भरून."

पेले समोर आले. सकाळचे ऊन त्या लाल वाइनमधून आरपार आले आणि टेबलावर डुलू लागले. ते डुलणे बघून जावईबापूंनी टेबलाची कड पकडली. काकांनी पेला नाकापर्यंत नेला. तिथून पुढे हात गेला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पेला तसाच खाली आला.

"काय?" बाईंनी विचारले.

"सहज पिता येत नाही," जीभकाका म्हणाले.

"अजिबात नाही," जावईबापू म्हणाले.

"खात्री आहे?"

"बाई, इतकी खात्री मला बावीस वर्षांत कधी नव्हती."

"मग लिहा. दोघांच्या सह्या."

ताईंनी कालचे पत्रक फाडले आणि नवे पुढे ठेवले. काकांनी 'पिण्यास जड' असे लिहून सही केली. सही त्यांचीच होती, आणि शब्द खरा होता. जावईबापूंनी खाली सही केली. ताईंनी तो राजीनामा मधोमध दुमडला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

बाईंनी पत्रक वाचले आणि टेबलावर ठेवले. मग समोरचा एक पेला उचलला आणि उभ्याउभ्या, एका दमात, तळापर्यंत रिकामा केला. ओठ पुसले. दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"यात जड काय आहे?" त्या म्हणाल्या. "सरबत आहे."

काकांची नजर पत्रकावरच्या ओल्या सहीवर गेली.

"पण सही झाली," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. छापखान्याला सांगा, 'पिण्यास जड'."

आणि त्यांनी दुसरा पेला उचलला.