दहा हजार सात पाहुण्यांच्या पंगतीची बखर

श्रीअन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, पोट भरले असता लिहिले ऐसे जे : शके पंधराशे सत्याण्णव, राक्षसनाम संवत्सरे, वैशाखमासी एका राज्याचे कारभारी नागोजीपंत यांची कन्या चिमाबाई इचे लग्न जाहले. लेक एकुलती, पंतांचा केवळ जीव की प्राण. त्या राज्याची रीत ऐसी की पंगतीच्या ओळी सारख्या असाव्या, एक पान उणे पडले तरी त्या ओळीचा अपमान. कोणी एकट्याने जेवू नये. शेवटचा घास होईतो कोणी उठू नये. आणि पंगत उठल्यावाचून लेकीची पाठवणी होऊ नये. घरच्यांनी मागाहून जेवावे, त्यांची मोजदाद नाही. मग पाहुणे मोजिले ते दहा हजार सात भरले. पंतांनी दोन-दोनांच्या ओळी मांडिल्या, एक उरला. तीन-तीनांच्या मांडिल्या, दोन उरले. सात-सातांच्या मांडिल्या, चार उरले आणि तेच चार रुसून बसले. ऐसे शंभरापर्यंत करून पाहिले, परंतु संख्या मोठी खट, कोणासही दाद देईना. मग एक पाहुणा वाढवावा म्हणून रामभट जोशी यांस पाचारिले. भटजी बोलिले, "साडूवाचून आम्ही पाण्याचा घोटही घेत नाही." सबब दोघे आले आणि दहा हजार नऊ जाहले, आणि तीही संख्या पहिलीची सख्खी बहीण निघाली.

मग निरुपाय होऊन सर्वांची एकच ओळ धरिली. ती मांडवातून निघाली ती बाजार ओलांडून, नदीत कमरभर पाण्यात बसून, शत्रूचे मुलखात शिरली. शत्रूने तोफा सज्ज केल्या, परंतु पत्रावळी पाहून "आधी जेवा, मग लढू" ऐसे बोलिले. वाढपी मीठ घेऊन घोड्यावर गेले ते वरणाची वेळ टळली तरी परतेनात. दिवसांमागून दिवस गेले. तेव्हा व्याही हैबतराव खवळून बोलिले, "आज सूर्यास्तापूर्वी पंगत न उठे, तर सुनेवाचून वरात माघारी नेतो!" पंतांनी वरकरणी हात जोडिले आणि मनी बहुत सुखावले की लेक घरीच राहील. मग वाढप्यांचे कानी लागून बोलिले, "घाई नको. सावकाश होऊ द्या."

ते चिमाबाईंनी ऐकिले. जवळ येऊन बोलिल्या, "आबा, जन्मभर मला अशीच बसवून ठेवाल काय?" मग बाईंनी पदर खोचिला आणि नवऱ्याशेजारी पाट घेऊन बसल्या.

"माझं पान मांडा."

आचारी गोंधळून बोलिला, "बाईसाहेब, आपण घरच्या. आपल्याला मोजीत नाहीत."

"होते घरची. आता पाहुण्यांत मोजा."

तैसे मोजिले. दहा हजार दहा जाहले. मग दहा-दहांच्या एक हजार एक ओळी तात्काळ लागल्या, सर्व मंडळी एके वेळी जेवून ढेकर देती जाहली, आणि दिवस मावळण्यापूर्वी वरात वाजतगाजत निघोन गेली.

एवंच हिशेब चोख लागला, शेष शून्य. नागोजीपंत रित्या मांडवात उभे होते, त्यांस कोणी मोजिले नाही.