राखून ठेवलेली कीड

आमचे डॉ. कर्णिक सर विद्यार्थ्यांना जगात नसलेल्या माणसाची माफी मागायला लावतात. तीही मोठ्याने, सगळ्या बॅचसमोर.

सीनियर्सनी हे सांगितलं तेव्हा मला ती रॅगिंगमधली थाप वाटलेली. ठाण्याच्या आमच्या डेंटल कॉलेजात खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी काही आठवडे व्हीआरच्या खोलीत काढावे लागतात. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर खुर्चीत आ करून बसलेला पेशंट दिसतो. हातात ड्रिलसारखा दांडा असतो. तो त्या पेशंटच्या दाताला टेकवला की हाताला खरोखर दात लागतो. वरचं कवच कडक, कीड मऊ. चुकलं की रिसेटचं बटण दाबायचं, दात पुन्हा नवा. मला ती खोली फार आवडली. तिथला पेशंट बोलत नाही आणि मीही फारशी बोलत नाही. आमचं छान जमेल असं वाटलं होतं.

पण सरांनी रिसेटच्या बटणावर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवलेली. "दचकू नका हं," ते म्हणाले, "पण माणसाच्या तोंडाला हे बटण नसतं."

'दचकू नका हं' हे सरांचं पालुपद. त्यानंतर जे येतं त्याने माणूस हमखास दचकतो. सर साठीला आलेले, वर्तकनगरला एकटेच राहतात. इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाऐवजी तोंडात बघायचा छोटा आरसा. समोर कोणी आलं की ते चेहऱ्याच्या आधी दात बघतात. वॉचमनने सलाम केला की हे उलट त्याच्या अक्कलदाढेची चौकशी करतात, आणि तोही बिचारा गेट सोडून तोंड उघडून दाखवतो.

कंपनीने व्हीआरमध्ये दिलेला पेशंट हा गोरा, निळ्या डोळ्यांचा, दाढीवाला गृहस्थ. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं पार्वतीबाई. पार्वतीबाई कोळीवाड्यात राहतात, त्यांना शुगर आहे, दोन सुना आहेत आणि इंजेक्शनची भीती वाटते. हे सगळं आम्हाला पाठ हवं. हेडसेट घातला की आधी नमस्कार करायचा, मग काही खाल्लंय का ते विचारायचं.

"सर, पण दाढी आहे बाईंना," आमच्यातला रोहित म्हणाला.

"असू दे. तू तोंडात बघ."

रोहितने खाण्याचं विचारलं नाही. सरांनी लगेच पार्वतीबाईंना चक्कर आणली, म्हणजे स्वतःच स्टुलावरून तिरके कलंडले. रोहितला कँटीनमधून साखरेचं पाणी आणायला पळवलं आणि ते सगळं स्वतः प्यायले. मी भिंतीला टेकून हे बघत होते. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मिस असं काही करत नसत.

मग माझी पाळी आली. माझा हात चांगला आहे, हे मला माहीत होतं. नमस्कार पुटपुटले, खाल्लं का विचारलं, कीड साफ करायला घेतली. अगदी शेवटी दांडा केसभर आत गेला. स्क्रीन लाल झाली. मी दाताच्या नसेला भोक पाडलं होतं.

"सांग त्यांना," सर म्हणाले.

हेडसेटच्या आत मला नुसता तो निळ्या डोळ्यांचा माणूस दिसत होता. मागे सगळी बॅच श्वास रोखून उभी आहे, एवढं कळत होतं.

"आय अ‍ॅम सॉरी, सर," मी म्हणाले.

"सर कोण गो?" बाजूने एकदम म्हातारा, खणखणीत आवाज आला. माझ्या हातातला दांडा जवळजवळ पडलाच. सर पार्वतीबाई झाले होते. "माजा दात मारलास नं पोरी? आता मी मावरं खाव कशी? सांग नं."

मासे कसे खायचे, याचं उत्तर मला कोणत्याही भाषेत सुचेना. शेवटी मी हेडसेट काढून ठेवला. सर आपल्या नेहमीच्या आवाजात शांतपणे म्हणाले, "बोलता येईपर्यंत तुला क्लिनिक नाही, सायली."

मला धक्काच बसला. मार्क हाताचे असतात, तोंडाचे नसतात, असं मी धरून चालले होते. बाकीचे सगळे एकेक करून खऱ्या पेशंटकडे गेले. मी व्हीआरच्या खोलीत एकटी, रोज पैकीच्या पैकी गुण घेत राहिले आणि रोज जास्त घाबरत गेले. डोंबिवलीला घरी आई विचारायची, किती पेशंट बघितलेस गं. मी म्हणायचे, चाललंय. एकही पेशंट न बघता वर्ष वाया जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

एका शनिवारी दुपारी सरांनी क्लिनिकमध्ये बोलावलं. खडवलीहून एक पेशंट येतोय, साधी कीड आहे, तयारी करून ठेव, म्हणाले. मी ट्रे मांडला, ग्लोव्हज घातले. पेशंट येईना. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तसे सर आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत आडवे झाले.

"दचकू नका हं," ते छताकडे बघत म्हणाले. "खालची उजवी दाढ. गेल्या दिवाळीपासून राखून ठेवलीय."

दाताच्या डॉक्टरने कीड राखून ठेवलीय, हे समजायलाच मला वेळ लागला. माझ्याकडे लक्ष ठेवायला म्हणून त्यांनी हातात एक आरसाही घेतला होता.

"दरवर्षी कोणीतरी असं घाबरणारं येतं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी एखादी किडलेली दाढ लागते."

त्यांनी आ केला आणि मी अक्षरशः एक पाऊल मागे सरले. आत नुसती फिलिंग्ज. एक फुगलेलं, एक कडेने काळं पडलेलं, एक चक्क तिरकं. परीक्षेत यांतलं निम्मं नापास झालं असतं. सर बोटाने दाखवायचे, तोंड मिटून ते भरणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव सांगायचे आणि पुन्हा उघडायचे. हे वैभवचं, त्याचं आता नाशिकला क्लिनिक आहे. हे तेजलचं, ती दुबईला असते.

"सर, तेजलचं बदलायला हवं," मी म्हणाले. "उंच झालंय. चावताना टोचत असेल."

"टोचतं ना. राहू दे. तिचं पहिलं आहे."

घरच्या माणसांचे फोटो लोक पाकिटात ठेवतात, तसे ते ही माणसं तोंडात घेऊन फिरत होते. इंजेक्शन नको, वरवरची आहे, असं म्हणून त्यांनी मला सुरू करायला सांगितलं. दुखलं तर डावा हात वर करतो, म्हणाले.

ड्रिल सुरू झालं. खरा दात गरम होतो, पाणी उडतं, जीभ मध्ये येते. दिवाळीपासून राखलेली कीड वरवरची नव्हती, चांगली खोल गेली होती. सरांचा डावा हात पोटावर शांत होता. पण उजव्या हातातला आरसा हळूहळू खाली आला, आणि त्याच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. डोळ्याच्या कडेला पाणी जमलं होतं.

मी ड्रिल बंद केलं.

"थांबलीस का?" सरांनी विचारलं. "मी हात वर केला नव्हता."

"तुम्ही केला नसता, सर."

सरांनी मनगटाने डोळ्याची कड पुसली.

"दुखतंय तुम्हाला," मी म्हणाले. शब्द येत होते, मराठीत, एकामागून एक. "कीड खोल आहे. वरवरची समजून मी इंजेक्शन न देता सुरू केलं, ते चुकलं. आता देते. थोडं टोचेल, मग दुखणार नाही. चालेल ना?"

सरांनी आरसा बाजूच्या ट्रेमध्ये पालथा ठेवून दिला. मग डोळे मिटले आणि पुन्हा आ केला.