उन्हावरचा चहा

आमच्या घरातला धूर मी कायमचा घालवणार होतो, आणि तोही फुकटात! गोष्ट सत्याऐंशी सालची. तेव्हाही मी जैनथच्या शाळेतच विज्ञान शिकवत होतो. चूल फुंकताना राहीबाईचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचे, डोळे रोज लाल व्हायचे आणि मला ते बघवत नसे. अशात एका मासिकात वाचलं: गंजलेलं लोखंड पाण्यात ठेवून ऊन दाखवलं, की पाण्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन जळतो. म्हणजे चहा!

पत्र्यावर गंज धरेना. राहीबाईचा भाकरीचा तवा मात्र काय सुंदर तांबूस झाला! अंगणात घमेलं, घमेल्यात पाणी, पाण्यात तवा, तव्याला तारेने जोडलेली जुन्या सेलमधली काळी कांडी आणि कांडीवर पाण्याने भरलेली उपडी परीक्षानळी.

"किती दिवस शेजारच्या गयाबाईच्या घरी भाकरी भाजाले जाऊ मी?" राहीबाईने विचारलं.

"सूर्यावर भरवसा ठेव."

मी बाजेवर पडून राहायचो. पाण्यात ऊन हलायचं, लिंबाची सावली हलायची, आणि मला पैनगंगेच्या पाण्यावर धावणारी आदिलाबादची बस दिसायची. घरोघरी उन्हावर शिजणारी डाळ दिसायची, आणि तिच्यापुढे निवांत बसलेली, स्वच्छ डोळ्यांची राहीबाई. बुडबुडा तेवढा दिसत नव्हता.

रविवारी नार्नूरहून राहीबाईचे थोरले भाऊ, माझे मेहुणे लक्ष्मणराव आले. त्यांना बसथांब्यावरून आणताना वाटेत मी सगळं रंगवून सांगितलं. अंगणात पाऊल टाकतो तर काय, घमेलं फसफसतंय! नळी वायूने भरलेली.

"भाऊजी, खरंच जळते हे?"

"बघाच आता."

अंगठ्याने तोंड दाबून नळी उचलली, काडी पेटवून आत धरली. काडी विझली. दुसरीही विझली.

राहीबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "काऊन खेळून राह्यले त्या पाण्यात? दादा येणार अन घरात गंजलेला तवा, माहेरी काय सांगन तो? तुमी भिजू घातलाच व्हता, म्हून त्यातच चिंच कोळली अन खायचा सोडा टाकला. सरका, घासू द्या."

चिंच आणि सोड्याचा वायू आग विझवतो, हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो.

लक्ष्मणराव मिशीत हसले. "भाऊजी, भूक लागली."

तवा लख्ख झाला. मी गुपचूप चुलीपुढे बसलो आणि फुंकणी उचलली. तेव्हापासून चूल मीच फुंकतो. राहीबाईच्या डोळ्यांतला धूर गेला, शब्द पाळला मी! शाळेत कुणी माझ्या लाल डोळ्यांबद्दल विचारलंच, तर सांगतो, संशोधन चालू आहे.