मृत ज्वालामुखीचं उदाहरण

चौथीतल्या पद्मावतीनं वहीत आपल्या आज्जाला मारून टाकलं होतं, आणि शाळेच्या शालूबाईंनी त्याबद्दल तिला दहापैकी दहा गुण दिले होते.

निपाणीतली ती मुलींची शाळा पद्मावतीच्या आज्जाच्या, म्हणजे बाबगोंडा आप्पांच्या, जुन्या वखारीत भरायची. साल चौतीस-पस्तीसचं असेल. भिंतींना अजून तंबाखूचा वास होता, आणि मुली शिंकत शिंकत शिकत. शालूबाई बेळगावहून आलेल्या. पोपटपंचीचा त्यांना भयंकर तिटकारा. ज्वालामुखीचा धडा वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शब्द फोडून बघा. ज्वाला म्हणजे जाळ, मुख म्हणजे तोंड. आता जागृत, निद्रिस्त आणि मृत यांचं एकेक उदाहरण लिहा. पुस्तकातलं नको, स्वतः पाहिलेलं."

निपाणीच्या आसपास ज्वालामुखी नाही, हे बाईंच्या लक्षातच आलं नाही. मुलींनी आपापल्या परीनं शोधले. कुणी गुऱ्हाळाचं चुलाण लिहिलं, कुणी राखेखालचा विस्तव. पद्मावतीनं मृत ज्वालामुखीसाठी लिहिलं, "आमचा आज्जा. पूर्वी फार भडके. तोंडातून काय काय निघे. आता पाच वर्षे काही निघत नाही. मृत ज्वालामुखीच्या उतारावर लोक शेती करतात, तसे आम्ही आज्जाच्या पाठीवर खेळतो."

खाली बाईंनी लाल शाईत शेरा दिला होता : 'धडा उत्तम समजला आहे.'

मंगळवारी मधल्या सुट्टीत पद्मावतीनं ते घरी येऊन मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. आप्पांची अक्षरओळख कानडी, म्हणून त्यांनी कान पुढे केला.

"मृत म्हंजे काय गं?"

"मृ म्हंजे मरणं, आज्जा. त्यातनं मृत, त्यातनं मृत्यू. बाईंनी मूळ शिकीवलंय."

आप्पा उठून बसले. एके काळी त्यांच्या आवाजानं अडत्यांच्या हातातलं पान गळून पडे. पाच वर्षांपूर्वी चातुर्मासात त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, राग सोडण्याचं व्रत घेतलं होतं. मुलगे चुकीच्या भावात तंबाखू विकत, सुना दुधात पाणी घालत. आप्पा दात आवळून णमोकार मंत्र म्हणत. एवढ्या कष्टानं दाबून धरलेल्या रागाला नातीनं मयत ठरवावं?

वही काखेत मारून ते शाळेकडे निघाले. मागून पद्मावती धावली, "आज्जा, वही चुरगाळू नको! धा गुण हाईत त्यात!"

वर्गात शिरताच आप्पांनी काठी आपटली. "बाई, म्या मेलोय काय?"

"नाही, आप्पा. तुम्ही बसा."

"मग मृत कसा? माझ्या जागंत शाळा, आन् माझाच दहावा घालताय व्हय?"

शालूबाईंचाही पारा चढला. "मुलींची उत्तरं मी जागामालकाला विचारून तपासत नाही! पूर्वी भडकायचा, आता भडकत नाही. धड्यातली व्याख्या आहे ही."

"भडकत न्हाय?" आप्पा गरजले, आणि पुढचं सगळं कानडीत झालं. टेबलावर काठी बसली, दौत उलटली, हजेरीपट निळा झाला. पहिलीच्या मुली रडू लागल्या. रस्त्यावर माणसं जमली. समोरचा ज्योतिबा शिंपी सुई-दोरा हातात घेऊनच धावत आला आणि हरखून म्हणाला, "अरं, आप्पा परत बोलाय लागले की रं!"

शालूबाईंनी शांतपणे निळी बोटं पुसली, वही उघडली आणि लाल शाईनं दहाचे आठ केले.

"हे काय, बाई?" पद्मावती किंचाळली.

"मृत ज्वालामुखी पुन्हा भडकत नाही. हा भडकला. सगळ्या गावानं पाहिलं. उत्तर चूक."

पद्मावतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण जीभ थांबली नाही. "मला काय ठावं ह्यो भडकणार हाय म्हणून? पाच वर्सं मला तरी काय दिसलं न्हाय. आज्जा, तुझ्यापायी गुण गेले माझे!"

आप्पा तोंड उघडं ठेवून थांबले. नातीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग त्यांनी पुन्हा काठी आपटली, पण या वेळी दुसऱ्याच बाजूनं.

"बाई, गुण का कापला पोरीचा?"

"उत्तर चुकलं म्हणून."

"उत्तर कवा लिवलं तिनं?"

"सोमवारी."

"मग? सोमवारी म्या मेलेलाच हुतो!" आप्पांनी दारातल्या गर्दीकडे वळून साक्ष मागितली. "काय रं ज्योतिबा, सोमवारी हुती काय माझ्यात धुगधुगी?"

"छ्या! कायबी न्हवतं, आप्पा," ज्योतिबानं छातीवर हात ठेवून सांगितलं.

"ऐकलं? पोरीनं डोळ्यांनी बघून लिवलंय. पार मेलेला, थंडगार हुतो. लिवा धा!"

शालूबाईंनी वही मिटली. "लिहून द्याल?"

"आणा कागुद!"

सोमवारी आपण मृत होतो, असं बाबगोंडा आप्पांनी कानडीत लिहून सही केली. शालूबाईंनी पुन्हा दहा केले. नात पुढे, आज्जा मागे, अशी वरात घरी आली. दारात लक्ष्मीबाई आज्जी उभी होती.

"एवढं काय झालं शाळंत?"

"पोरीला धापैकी धा पडले," आप्पा पायताण काढत म्हणाले.

"कशात?"

आप्पांनी जरा विचार केला.

"माझ्यात."