बेहेरेकाका आणि सशांचा विमा

"ए विमा कंपनी! जरा बाहेर ये!"

शनिवारी सकाळी मागच्या कुंपणावरून अशी हाक आली, की समजावं, बेहेरेकाकांचं डोकं फिरलेलं आहे. ही हाक मला असते. मी विमा कंपनी नाही. मी एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, म्हणजे तिथल्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय बिघडलं ते शोधून दुरुस्त करते. मी आयुष्यात एकही पॉलिसी विकलेली नाही. हे मी काकांना इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं आहे. पण जगातल्या कुठल्याही विमा कंपनीनं कुणाला काही नाकारलं, की त्याचा जाब इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, मला द्यावा लागतो, तोही गाउनवर, हातात चहाचा कप धरून.

"तुमच्या लोकांनी परत तेच केलं!" काका कडाडतात.

माझे लोक नाशिकला आहेत. पण हे ऐकून घ्यायला काका थांबतात कुठे!

बेहेरेकाका हाडांचे सर्जन. इथल्याच सरकारी हॉस्पिटलात आयुष्य काढून रिटायर झालेले. या देशात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, आणि काका या बाबतीत फार कडक. मंडळाच्या गणपतीत कुणी भाबडेपणानं "या डॉक्टर" म्हणालं, तर प्रसादाचा द्रोण हातात तसाच धरून ते त्याला सुनावतात, "डॉक्टरचा मिस्टर व्हायला माझी अर्धी हयात गेली आहे!" समोरचा बिचारा बघतच राहतो. तो जन्मल्यापासून मिस्टर असतो.

विम्याबद्दल काकांचा एक सिद्धांत आहे. "विमा म्हणजे स्वतःच्या विरुद्ध लावलेली पैज. घर जळलं, की तू जिंकलीस! लाज नाही वाटत?" गाडीचा विमा कायद्यानं घ्यावाच लागतो, म्हणून तेवढा ते घेतात आणि पुढचा आठवडाभर सुतकात असल्यासारखे वावरतात. एकदा दुकानात वॉशिंग मशीन घेताना काउंटरवरच्या पोरानं वाढीव वॉरंटीचं विचारलं. "म्हणजे हे बिघडणार हे तुला आत्ताच माहीत आहे?" काकांनी विचारलं. "मग विकतोस कशाला?" मॅनेजर येईपर्यंत त्यांनी त्या पोराची शाळा घेतली. मी मागे रांगेत टोस्टर घेऊन उभी होते. सगळी रांग माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की बापाला आवरायला काय होतं हिला! त्या दिवशी मी टोस्टर न घेताच घरी आले.

अशा माणसाच्या पदरात दोन ससे पडले. काकांचा मुलगा निखिल इथेच जन्मलेला, त्याला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. तिकडे इथले ससे नेऊ देत नाहीत. म्हणून नात ताराचे ससे, त्यांचा लाकडी पिंजरा आणि गवताचे भारे आजोबांच्या बागेत येऊन उतरले. सशांची नावं बिस्किट आणि कस्टर्ड. "ही नावं आहेत की चहाबरोबरचा फराळ?" असं काका सगळ्यांना विचारायचे, पण नावं बदलली मात्र नाहीत. रविवारी ताराचा फोन आला, की स्पीकरवरून आमच्या बागेपर्यंत ऐकू यायचं.

"आजोबा, बिस्किट ओके आहे ना? ती रोज गाजर खातो?"

"बिस्किट मुलगा आहे गं."

"हो, आय नो. ती मुलगा आहे."

मालतीकाकू गेल्यापासून त्या घरातून ऐकू येणारा हा एवढाच गलका. बाकी आठवडाभर तिथून रेडिओवरच्या बातम्या आणि त्या बातम्यांना काकांनी दिलेली उत्तरं ऐकू येतात.

विम्याचं प्रकरण सुरू झालं ते सशांना लस टोचायला नेल्यावर. व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवरच्या बाईंनी इथल्या रिवाजाप्रमाणे सशाच्या नावापुढे मालकाचं आडनाव लावलं आणि भरल्या वेटिंग रूममध्ये पुकारा केला, "बिस्किट बेहेरे!" काका घरी आले ते थरथरतच. "आमच्या घराण्यात कीर्तनकार झाले, मामलेदार झाले. आता बिस्किट बेहेरे!" त्यातच त्या बाईंनी जाता जाता सशांच्या विम्याचं पत्रक हातात कोंबलं होतं. मग काय विचारता! शनिवारी सकाळी हाक आलीच.

"वाच," पत्रक कुंपणावरून माझ्या नाकासमोर धरून काका म्हणाले. "मोठ्यानं वाच. दातांचे आजार वगळून! सशाला दातांशिवाय दुसरं आहे काय? जन्मभर वाढत असतात ते. सशाचा विमा आणि दात वगळून, म्हणजे वऱ्हाडाला बोलावणं आणि नवरदेव वगळून!"

"काका, ही आमची कंपनी नाही."

"आणि हे बघ. ससा पाच वर्षांचा झाला, की नवीन पॉलिसी नाही. म्हणजे आजारी पडायचं वय झालं, की तुम्ही हात वर करणार! आम्ही म्हाताऱ्यांना ऑपरेशन टेबलावरून उतरवलं असतं, तर चाललं असतं का?"

मलाही राग येतो हो. मी म्हटलं, नका घेऊ. कुणी गळ्यावर सुरी ठेवली आहे? पण न घेऊनही त्यांचं समाधान होईना. दर शनिवारी ते पत्रकातलं एक नवीन कलम शोधून आणायचे आणि मी शेजारधर्म म्हणून संतापायची. माझा नवरा म्हणायचा, "तू ऑफिसात पगार घेऊन विम्याचं काम करतेस, आणि घरी फुकट."

मग तो गुरुवार आला.

मालतीकाकू दत्ताचा गुरुवार करायच्या. दिवसभर काही नाही, संध्याकाळी आरती झाली की साबुदाण्याची खिचडी. काकांचा देवावर काडीचा विश्वास नाही. पण काकू गेल्यावर गुरुवार त्यांनी धरला. कुणी विचारलं तर फटकन सांगतात, "श्रद्धा नाही, शिस्त आहे." तर त्या गुरुवारी दुपारी कुंपणावरून हाक आली, पण नेहमीसारखी कडाडून नाही. मी घरूनच काम करत होते, म्हणून गेले.

बिस्किट पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता. समोर गाजर, कोथिंबीर, सगळं जसंच्या तसं.

"सकाळपासून तोंड लावलेलं नाही," काका हळूच म्हणाले. "गुरुवार धरलाय पठ्ठ्यानं."

चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही ते गोडच वाटलं. कस्टर्ड बाजूला कचाकचा खात होती, तर काका तिला म्हणाले, "तू बाटलेलीच आहेस." संध्याकाळी त्यांनी आरती केली, खिचडीबरोबर एक काकडी चिरली आणि बिस्किटपुढे ठेवली. त्यानं तिच्याकडेही पाहिलं नाही. "निर्जळी दिसतोय," काका म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी माझ्या दाराची बेल दाबली ती सोडलीच नाही. बिस्किट आडवा पडला होता, पोट दगडासारखं घट्ट. मी गाडी काढली. वाटेतल्या एकूण एक राउंडअबाउटला काका इतर ड्रायव्हरांना मराठीत शिव्या घालत होते. सर्जनला इतक्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

व्हेट ताराहून जेमतेम थोडी मोठी वाटावी अशी एक मुलगी होती. तिनं पोट चाचपलं आणि विचारलं, "यानं शेवटचं कधी खाल्लं?"

"बुधवारी रात्री."

"बुधवारी!" ती ताडकन म्हणाली. "सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. काही तास खाल्लं नाही, तरी जिवावर बेततं. तुम्ही कालच का आणलं नाहीत?"

"काल गुरुवार होता," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी मोठमोठ्या कन्सल्टंटना तोंडावर उत्तरं दिली होती. तिनं चांगलं फैलावर घेतलं त्यांना. मला वाटलं, आता हे उसळणार, मिस्टर बेहेरे कोण आहे ते सांगणार. काका मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. ससा वाचवा." मला त्या पोरीचा असा राग आला! तिचं सगळं बरोबर होतं, तरीही आला.

ससा वाचला. घरी आल्यावर काका दर थोड्या वेळानं पिचकारीनं त्याच्या तोंडात पातळ खाणं सोडत बसायचे, मांडीवर काकूंची जुनी शाल पसरून. व्हेटचं बिल भलं मोठं होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मला ते विचित्र वाटलं, पण म्हटलं, धसका घेतला असेल.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. टेबलावर विम्याचे कागद पसरलेले, फोन स्पीकरवर. "पॉलिसी घेतोय," काका म्हणाले. "तू नुसतं बस. तुमचे लोक फसवायला लागले, की मला खूण कर."

म्हणजे शेवटी विमा कंपनी जिंकली होती. तरी मला काही बरं वाटेना.

पलीकडची मुलगी ठरलेले प्रश्न विचारत होती. ससे कुठल्या धंद्यासाठी वापरता का? पहाऱ्यासाठी? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. "नाही," ते म्हणाले. "पहारा मीच देतो." सशानं कुणावर हल्ला केला आहे का? "सशानं नाही." बिस्किटच्या पोटाचं दुखणं आता धरणार नाही, असं तिनं सांगितलं. मी जीव मुठीत धरून बसले. पण काका नुसतं "ठीक आहे" म्हणाले. दातांचं वगळलं आहे, तेही ठीक आहे. मग मात्र मला काळजी वाटायला लागली.

"आणखी काही विचारायचं आहे, मिस्टर बेहेरे?"

"हो." काकांचा आवाज एकदम उतरला. "चौथ्या पानावर लिहिलंय, मालक हॉस्पिटलमध्ये असला, तर सशांना कुठे ठेवायचं त्याचा खर्च तुम्ही देता."

"येस, देतो."

"ससे दोन आहेत. एकत्रच ठेवतील ना? एकटा ठेवला की तो खात नाही."

"आय थिंक सो."

"आणि मालक परत आला नाही तर?"

त्या मुलीच्या यादीत हा प्रश्न नसावा. "मला सुपरवायझरला विचारावं लागेल," ती म्हणाली आणि फोनवर पियानो वाजायला लागला.

"कसलं हॉस्पिटल?" मी विचारलं.

"काही विशेष नाही. बायपास. रोज ढिगानं होतात."

"कधी?"

"सोमवारी."

"काका, आज पॉलिसी घेतलीत तरी ती लगेच लागू होत नाही. आणि आधीच ठरलेलं ऑपरेशन कुठलीच कंपनी धरत नाही."

"तेवढं बरोबर सुचतं तुमच्या लोकांना!"

"निखिलला सांगितलंत?"

"नवी नोकरी आहे त्याची. सांगू नंतर."

"आणि मला?"

"तुला तुझं ऑफिस, मुलं. उगाच कुणाच्या गळ्यात कशाला..."

आता मात्र माझा ताबा सुटला. माझ्या मुलाचा हात मोडला तेव्हा हा माणूस पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आला होता. माझी बाळंतपणं काकूंनी केली. आमच्यामध्ये एक कुंपण आहे, तेही धड सरळ नाही. आणि 'मी मेल्यावर सशांचं काय?' हे या गृहस्थांनी विचारलं कुणाला, तर कॉल सेंटरमधल्या परक्या पोरीला! मी जे तोंडाला येईल ते बोलले. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले. मग फोनचं लाल बटण दाबलं. पियानो बंद झाला.

"अगं, ती विचारायला गेली होती," काका म्हणाले.

"विचारत बसू दे!"

मग काका उठले, मला बागेत घेऊन गेले आणि वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या आवाजात सांगायला लागले. सुकं गवत इथे, पाणी सकाळ-संध्याकाळ, गाजर बेतानं, खाणं थांबलं तर वार बघत बसायचं नाही, थेट व्हेट. मी हो हो म्हणत होते. माझा राग अजून गेला नव्हता.

"आणि अंधार पडायच्या आत इथे यायचं. 'मी आहे' म्हणायचं."

"काय?"

"'मी आहे.' एवढंच. मोठ्यानं नाही."

"सशांना काय कळतंय काका त्यातलं?"

"त्यांना नसेलही कळत." काका पिंजऱ्याची कडी उगीचच काढत आणि घालत होते. "पण दिवसातून एकदा कुणाला तरी सांगावं लागतं ना."

मी गवताचा भारा उचलला आणि कुंपणावरून आमच्या बाजूला टाकला.

बुधवारी संध्याकाळी हॉस्पिटलात नळ्या काढल्यावर मला आत सोडलं. काकांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, मी आहे."

"कळलं," ते डोळे न उघडताच पुटपुटले. "तिकडे सशांपाशी कोण आहे मग?"